हातचा

मी त्याला कधी पाहिलेलं नाही.
माझ्याकडे तो येतो तिसऱ्या दिवशी,
पडद्यावर, नावाआधी नंबर होऊन.
मेम्फिसमधल्या या इस्पितळाच्या तळघरात बसते मी.
वर टाके घालतात,
खाली मी त्यांचे आकडे घालते.

पेटिफोर्ड, जेवॉन. वय सतरा.
उजवी मांडी, आरपार.
प्रत्येक जखमेपुढे एक अक्षर लावायचं असतं:
पहिली भेट, पुढची भेट, मागे उरलेलं.
भेट म्हणतात त्याला.
शब्द मी निवडलेला नाही.

धावत या म्हणून घंटा वाजवली, तिचे वेगळे.
रक्ताच्या चार पिशव्या, त्यांचे वेगळे.
जीन्स कात्रीने कापली, त्याचे लागत नाहीत.
जीन्सचेही कुणी देत नाही.

एकोणिसाव्या वर्षी पुन्हा तोच.
पोट. अकरा दिवस, त्यातले पाच नळ्यांवर.
सर्जनने शेवटी लिहिलं:
मणक्याजवळ एक राहिली आहे,
काढण्यात धोका जास्त, राहू द्यावी.

दुसरीत मिसेस थ्रॅशर फळ्यावर शिकवायच्या,
नऊ नि सात सोळा,
सहा खाली लिहा,
एक हातचा.
मी सहा खाली लिहिले.

आईचा फोन आला. वर्नीस पेटिफोर्ड.
मागे कपडे धुण्याची यंत्रं घरघरत होती,
कामावरून बोलत असावी.
"मांडीचे मी महिन्याला चाळीस डॉलर देते आहे,
पोटाचे त्यातच धरता का?"
मी म्हटलं, नाही बाई, खाती दोन आहेत.
यंत्रं तेवढी फिरत राहिली.
मग ती म्हणाली,
"पोरगा एकच आहे पण."

ओरेल नावाचा एक माणूस आहे आमच्याकडे.
डॉक्टर नाही, नर्स नाही.
कानापासून गळ्यापर्यंत जुनी चीर,
ती शिवणारा इथलाच होता म्हणतो.
पोरं शुद्धीवर येतात तेव्हा तो खुर्चीत असतो.
एकदा खाली आला, टोपी हातात,
म्हणाला, परत येतात त्यांचा खर्च काढून दे,
समितीपुढे मांडायचा आहे.
दोन रविवार बसले मी.
निघालं ते एवढंच:
जेवॉनच्या पोटाचे अकरा दिवस म्हणजे
ओरेलचा दीड वर्षाचा पगार.
समितीला वाक्य फार आवडलं.
जागा जूनपर्यंत वाढवली.

आज मार्च.
पडद्यावर पेटिफोर्ड.
मी चष्मा काढला, पुसला,
कॉफी थंड होऊ दिली,
मग खाली सरकवलं.

पेटिफोर्ड, अमारी. वय चौदा.
डावा तळवा, दोन बोटं.
पत्ता तोच.

हातचा कुठे जातो, मिसेस थ्रॅशर विचारायच्या,
आणि आम्ही सगळे एका सुरात,
पुढच्या घरात, बाई.

नोंदींच्या तळाशी ओरेलचं अक्षर, स्कॅन केलेलं, तिरकं:
*मोठा भाऊ रात्रभर इथे. दोनदा खाली गाडीकडे निघाला.
दोनदा परत आणला. चावी माझ्या खिशात आहे.
पहाटे चार वाजता रडला. मग झोपला, बसल्या बसल्या.*

शोधलं मी.
खुर्चीला कोड नाही.
चावी खिशात ठेवण्याला नाही.
जो जखमी होऊन आला नाही,
ज्याच्यामुळे दुसरं कुणी आलं नाही,
त्याची कुठली भेट धरायची,
यादीत नाही.

अमारीपुढे मी अक्षर लावलं: पहिली.

फोन वाजतो आहे.
यंत्रांची घरघर ओळखू येते आता.
तिन्ही एकत्र करता येतील का, विचारेल ती.
सकाळीच मी वर विचारून ठेवलं आहे.
नाही येत.